उंच केलेली पिकअप दणके देते? आधी वजनकाटा, मग गॅरेज

पिकअपला लिफ्ट किट बसवलं की पहिला आठवडा कौतुकात जातो. गाडी रुबाबदार दिसते, शेताच्या वाटेवर पोट घासत नाही, पावसाळ्यात ओढा ओलांडताना धाकधूक कमी होते. मग हळूहळू घरातली माणसं कुरकुरायला लागतात. मागच्या सीटवर बसलेल्यांना प्रत्येक गतिरोधक कंबरेत जाणवतो, सिमेंटच्या रस्त्यावरचा जोड न् जोड कळतो, हौदा रिकामा असला की गाडीचा मागचा भाग उडतो. गॅरेजमध्ये दाखवली तर उत्तर ठरलेलं असतं: “शॉकअप हलके आहेत साहेब, वरचं मॉडेल टाकू.” म्हणजे दीड लाखाच्या किटवर आणखी लाखभर रुपये.

तो दुसरा लाख खिशातून काढायची घाई करू नका. लिफ्टनंतर गाडी कडक होण्याची कारणं ठरावीक आहेत. त्यातली निम्मी फुकटात किंवा नुसत्या मजुरीत सुटतात. बाकीची सुटायला पार्ट लागतात हे खरं, पण ते शॉकअपच असतील असं नाही. पुढचे सगळे आकडे बजेट आखण्यापुरते धरा. गाव, गाडी आणि ब्रँड बदलला की ते खाली-वर होतात.

वजन एकाचं, स्प्रिंग दुसऱ्याची

आपल्याकडे हौसेने उंच केल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये मुख्य दोन गाड्या आहेत. २०१६ साली आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटा हायलक्स. दोघींची बांधणी सारखीच. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंगच्या पोटात शॉकअप, मागे अखंड हाउसिंग आणि त्यावर कमान पाटे. त्यांना बसणारी नावाजलेली किटं बरीचशी ऑस्ट्रेलियन आहेत: ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, डॉबिन्सन्स.

तिकडे पिकअप घेणारा माणूस आधी पुढे लोखंडी बुलबार लावतो, त्यात विंच बसवतो, मागे हौद्यावर टप चढवतो, आत फ्रिज, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी. हे सामान गाडीवर कायम असतं. बुलबार आणि विंच मिळून पुढच्या चाकांच्याही पुढे शंभर किलोच्या आसपास वजन येतं. म्हणून या कंपन्यांच्या तक्त्यांत पुढच्या कॉइलचे प्रकार वजनावर ठरतात: मूळ बंपर, बुलबार, बुलबार अधिक विंच. मागच्या पाट्यांचेही तसेच: हलका भार, मध्यम भार, कायम जड भार.

आपल्याकडे बुलबारचा प्रश्नच मिटलेला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, त्यामुळे कायद्याने चालणाऱ्या गाडीच्या तोंडावर ते शंभर किलो नसतातच. तरीही “उंची जास्त मिळते”, “खड्ड्यांना टिकते” असं सांगून बुलबारवाली कॉइल आणि कायम भाराचे पाटे गळ्यात मारले जातात. दणक्यांचं सगळ्यात मोठं मूळ मला हेच दिसतं. ज्या वजनासाठी स्प्रिंग घडवली ते वजनच गाडीवर नसेल, तर लहान खड्ड्यावर ती दबत नाही आणि धक्का तसाच्या तसा चेसिसमध्ये जातो.

म्हणून पहिला खर्च वजनकाट्याचा. हलक्या गाडीला शंभर रुपयांच्या आतबाहेर घेतात. रोज जशी वापरता तशी गाडी न्या: टाकी भरलेली, नेहमीची हत्यारं आत, नेहमीची माणसं बसलेली. काट्याचा फलक आणि बाजूचा रस्ता एका पातळीत असेल असा काटा निवडा. आधी फक्त पुढची चाकं फलकावर घ्या, आकडा लिहून घ्या. मग पूर्ण गाडी चढवा. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागचं मिळतं. आता किट विकणाऱ्याला बसवलेल्या कॉइलचा आणि पाट्यांचा पार्ट नंबर मागा. तो बिलावर, नाहीतर स्प्रिंगच्या स्टिकरवर असतो. कंपनीच्या तक्त्यात त्या नंबरापुढे किती किलोचा भार लिहिलाय ते बघा. तिथे मागच्या पाट्यांना कायम ३०० किलोचा भार अपेक्षित असेल आणि तुमचा हौदा महिन्यातून एकदाच भरत असेल, तर निदान तिथेच झालं.

कागदावर विश्वास बसत नसेल तर सिमेंटची तीन पोती, म्हणजे दीडशे किलो, हौद्यात हाउसिंगच्या बरोबर वर ठेवा, हलणार नाहीत अशी बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने चक्कर मारा. गाडी एकदम शहाण्यासारखी चालली तर शॉकअपला दोष देऊ नका. पाटे जड आहेत.

दणका नक्की कुठून येतो

“गाडी कडक झाली” या तक्रारीत तीन-चार वेगळे आजार असतात. ते वेगळे करायला दोन जागा पुरतात. एक म्हणजे टोलनाक्याआधी किंवा शाळेजवळ असणाऱ्या रंबलरच्या पांढऱ्या पट्ट्या, आणि दुसरी नीट बांधलेला रुंद गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गल्लीतले बहुतेक या मापात बसत नाहीत, पण एखादा तरी सापडतो.

रंबलरवर सगळी गाडी थरथरते, पण रुंद गतिरोधकावरून ती सावकाश आणि नीट उतरते असं असेल, तर संशय टायरची हवा, टायरचा कडकपणा, आवळून बसलेले बुश किंवा फार कडक शॉकअप यांच्यावर घ्या. उलट रंबलर सुसह्य आणि गतिरोधकावर “धाड” आवाज, तर चाकाचा प्रवास संपतोय. त्यातही आवाज कधी येतो ते नीट ऐका. चाक चढताना, गाडी खाली दबताना आला तर बंप स्टॉपवर आदळतंय. गतिरोधक ओलांडून चाक खाली लटकताना आला तर शॉकअप पूर्ण उघडून वरच्या टोकाला आपटतोय. हा दुसरा प्रकार लिफ्ट केलेल्या गाड्यांत फार दिसतो आणि त्यालाच “शॉकअप गेला” म्हणून बदललं जातं. नवाही तसाच आपटतो.

मागच्या शॉकअपवर एक सोपी खूण करता येते. दांड्यावरचं धुळीचं टोपण उघडं असेल किंवा वर सरकत असेल, तर दांड्याला एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट नाही, सरकेल इतपत बांधा आणि शॉकअपच्या नळकांड्याला टेकवून ठेवा. नेहमीच्या खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून परत बघा. दाबताना नळकांडं टायला वर ढकलतं आणि टाय तिथेच राहते. ती दांड्यावर थोडीच सरकलेली असेल तर स्प्रिंग इतकी कडक आहे की उपलब्ध प्रवासातला बराचसा भाग वापरलाच जात नाही. टाय पार वरच्या टोकाला जाऊन चिरडली असेल तर प्रवास संपतो आहे. पाच रुपयांच्या पट्टीतून मिळालेली ही माहिती घेऊन गॅरेजमध्ये गेलात की बोलणंच बदलतं.

सुटताना किंवा साधारण चाळीसच्या वेगात गाडी थरथरते, रस्ता गुळगुळीत असला तरी थरथरते, ही तक्रार सस्पेन्शनच्या कडकपणाची नसते. मागची बाजू उंच झाल्यावर दोन तुकड्यांच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटला योग्य जाडीचे स्पेसर लावून तो दुरुस्त करतात. काम दोन-तीन हजारांत होतं. यासाठी शॉकअप बदलून घेणारे लोक आहेत, म्हणून वेगळं सांगितलं.

हवा

लिफ्टबरोबर बहुतेक जण टायरही बदलतात. मूळ टायर काढून जाड भिंतींचे, दहा प्लाय दर्जाचे ऑल-टेरेन टायर येतात. त्यांची बाजूची भिंत मुळातच कडक असते, आणि वर पंपावरचा मुलगा “मोठा टायर आहे” म्हणून पंचेचाळीस भरून देतो. पुढच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी किती हवा सांगितली आहे ते बघा. सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या मीटरने मोजा. बरा मीटर ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो आणि या संपूर्ण यादीत यापेक्षा उपयोगी खरेदी नाही.

जास्त भरलेली हवा ओळखायची तर टायरच्या पूर्ण रुंदीवर खडूची जाड आडवी रेघ ओढा आणि सरळ डांबरी रस्त्यावर दोन-तीनशे मीटर गाडी चालवा. मधली रेघ पुसली आणि कडांची तशीच राहिली तर हवा जास्त आहे. दोन-दोन पीएसआय कमी करत जा, रेघ सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत. पण स्टिकरवरच्या आकड्याच्या खाली उतरू नका. जड टायरला तोच भार पेलायला मूळ टायरपेक्षा थोडी जास्तच हवा लागते, आणि समृद्धी महामार्गासारख्या लांबच लांब सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होते असं कोणी सांगितलं तर पैसे वाचवा. दाब तोच असेल तर फरक पडत नाही.

मजुरीत सुटणारं दुखणं: बुश

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात पार्ट लागत नाही आणि चूक बसवणाऱ्याची असते. पुढच्या विशबोनच्या खालच्या-वरच्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतात. बुशाची बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, आतली नळी बोल्टने चेसिसच्या कानात आवळली जाते, आणि मधलं रबर दोन्हीला चिकटलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा काही घसरत नाही. रबर पिळतं आणि परत येतं.

आता गाडी रॅम्पवर आहे, चाकं लटकलेली आहेत, आर्म पार खाली गेलेला आहे. बसवणाऱ्याने तशाच स्थितीत सगळे बोल्ट गच्च केले. गाडी खाली आली, आर्म वर आला आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहिलं. आता ते सतत आर्मला खाली ढकलतंय. जणू स्प्रिंगला जोडीला आणखी एक कडक स्प्रिंग लागली. गाडी थोडी जास्त उंच दिसते, मालक खूश होतो, आणि काही महिन्यांत बुश फाटतात.

उपाय असा: गाडी चार चाकांवर, म्हणजे खड्ड्याच्या पिटवर किंवा चाकांखाली फलाट असलेल्या रॅम्पवर उभी करायची. आर्मचे, मागच्या पाट्यांच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट सैल करायचे. पुढचा बोल्ट सुटतो तेव्हा कित्येकदा “कट्” असा आवाज येतो आणि गाडीचं तोंड डोळ्यांदेखत अर्धा-एक सेंटिमीटर खाली बसतं. तो पिळलेलं रबर मोकळं झाल्याचा आवाज. मग बंपर दोन-चार वेळा दाबून गाडी हलवायची, ती आपल्या जागी बसू द्यायची, आणि मगच टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाला बोल्ट आवळायचे. मजुरी १,५०० ते ४,००० रुपये. ज्याने किट बसवलं त्याच्याकडेच गेलात तर फुकट करून द्यायला सांगा. ते त्याचंच अपुरं राहिलेलं काम आहे. गॅरेजात टॉर्क पाना दिसत नसेल तर दुसरीकडे जा.

मागे पॉलियुरेथेनचे बुश आले असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. ते रबरासारखे पिळत नाहीत, फिरतात, आणि फिरायला त्यांना ग्रीस लागतं. सुके बसवले तर चर्रचर्र वाजतात आणि पाटा अडकून चालतो. उघडून किटबरोबर आलेलं ग्रीस लावणं हे तासा-दोन तासांचं काम.

बुशानंतर व्हील अलाइनमेंट करायचंच. ८०० ते २,००० रुपये. लिफ्टने पुढचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो, गाडी सरळ रस्त्यावर भटकते आणि चालक स्टिअरिंग सतत सावरत राहतो. त्या थकव्यालाही लोक “गाडी कडक झाली” म्हणतात. मशीनचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद घ्या. नुसता टो जुळवून “झालं” म्हणणाऱ्याला कॅस्टरचा आकडा विचारा.

मागचे पाटे आणि कमानवाला

मागचा कडकपणा सोडवायला महागड्या दुकानाची गरज क्वचित लागते. प्रत्येक तालुक्याच्या गावी, ट्रान्सपोर्ट नगरात, साखर कारखान्याच्या रस्त्याला कमानवाला असतो. ट्रकचे पाटे काढण्या-घालण्यात त्याचा हात बसलेला असतो आणि तो खरोखर काय करता येईल ते सांगतो.

जड किटातून एक पाटा काढणं हा पहिला प्रयोग. पाच सारख्या पाट्यांतला एक काढला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतो. जाडीचा परिणाम त्याहून मोठा असतो, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. तेवढ्याच लांबी-रुंदीचा पाटा सहाऐवजी आठ मिलिमीटर जाडीचा घेतला की तो दुपटीहून जास्त कडक. म्हणून सगळ्यात खालचा जाड, छोटा पाटा म्हणजे भाराचा पाटा काढून बघायचा. मुख्य पाट्याला आणि त्याला आधार देणाऱ्या दुसऱ्या पाट्याला हात लावू द्यायचा नाही. मजुरी १,५०० ते ४,०००. यू-बोल्ट मात्र नवे घ्या. एकदा आवळताना ते ताणले जातात आणि पुन्हा वापरले की सैल पडतात. सेट १,००० ते २,५०० रुपयांना येतो, आणि पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यायचे. काढलेला पाटा घरी आणा. उद्या टप बसवलात तर लागेल.

उलट, ज्यांनी स्वस्तात उंची मिळवायला मूळ पाट्यांतच एक जादा पाटा घातला आहे, त्यांनी तो काढणंच बरं. त्याने उंची मिळते ती पूर्णपणे कडकपणाच्या बदल्यात. मूळ पाटे बसले असतील तर कमानवाल्याकडून त्यांना पुन्हा बाक देऊन घेता येतो. ३,००० ते ८,००० रुपयांत होतं. ऐरणीवर गार लोखंडालाच घण मारून बाक देणारा कारागीर शोधा. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा नीट पाणी देऊन पुन्हा कसला नाही तर त्यातला स्प्रिंगपणा जातो आणि सहा महिन्यांत तो सपाट होतो.

शॅकलचा कोनही बघा. पाटा दबताना सपाट होतो म्हणजे लांब होतो, आणि त्या लांबीला शॅकल मागे झुलून वाट देते. लांब शॅकल घातल्यावर किंवा फार बाक असलेला पाटा बसवल्यावर ती उभी राहते किंवा उलटी पुढे झुकते. मग पाट्याला लांब व्हायला जागाच नाही आणि धक्का सरळ चेसिसला. गाडी जमिनीवर उभी असताना शॅकलचं खालचं टोक किंचित मागे कललेलं हवं. तसं नसेल तर योग्य मापाची शॅकल २,००० ते ५,००० रुपयांत मिळते.

नवे पाटे पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोडे बसतात. किट कालच बसवलं असेल तर एवढं अंतर जाऊ द्या, मधूनमधून थोडा माल वाहा, आणि मग पाटा काढायचा का ते ठरवा.

पुढची बाजू: उंचीचा हव्यास

पुढे एक माप घ्या. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजा. मग चेसिसला जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला, खाली स्टँड ठेवा, आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे खड्ड्यात चाकाला खाली जायला उरलेली जागा. ती पाच सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर रस्त्यात बारीकसा खळगा आला तरी शॉकअप वरच्या टोकाला आपटणार. हाच तो गतिरोधकानंतरचा “धाड”.

असं दोन कारणांनी होतं. एक, कॉइल गरजेपेक्षा जड आहे. दोन, कॉइल जास्त दाबून बसवून उंची मिळवली आहे. दाबून बसवल्याने साध्या कॉइलचा कडकपणा वाढत नाही, पण खाली जायचा प्रवास खाल्ला जातो. स्ट्रटच्या, म्हणजे कॉइल-शॉकअपच्या जोडीच्या, डोक्यावर लावायच्या स्पेसरमध्ये आणखी एक गोम आहे. पुढच्या आर्मच्या तरफेमुळे डोक्यावरचा एक इंच स्पेसर चाकापाशी जवळपास दोन इंच उंची देतो. दुकानदाराने दोन इंची स्पेसर “दोन इंच लिफ्ट” म्हणून लावला असेल तर गाडी चार इंचांच्या आसपास गेली आणि वरचा बॉल जॉइंट टोकाला टेकला. हा नुसता अस्वस्थ करणारा प्रकार नाही, धोकादायक आहे. लगेच उतरवा.

माझा स्पष्ट सल्ला असा, की व्ही-क्रॉस किंवा हायलक्सला पुढे दोन इंचांवर जाऊ नका, आणि आरामासाठी दीड इंच पुरे समजा. उंची बदलता येणारा स्ट्रट असेल तर एक खाच खाली घेणं एवढंच काम. सुट्या स्प्रिंग कॉम्प्रेसरवर दोन्ही बाजू करून २,००० ते ४,००० रुपये आणि वर अलाइनमेंट. स्पेसर काढायलाही तेवढेच. कॉइल मुळातच बुलबारवाली निघाली तर मूळ बंपरच्या दर्जाची जोडी घ्यावी लागेल: १५,००० ते ३०,००० आणि मजुरी ३,००० ते ६,०००. विक्रेत्याने चुकीचा दर्जा दिला असेल तर वजनकाट्याची पावती आणि कंपनीचा तक्ता पुढे ठेवून बदलून मागा. न वाकलेल्या, न गंजलेल्या कॉइल अदलाबदलीत घेणारे विक्रेते असतात.

वरचे आर्म बदलायची शिफारसही वारंवार होते. ३५,००० ते ७०,००० रुपयांची जोडी. त्यांनी कॅस्टर परत मिळतो आणि बॉल जॉइंटला मोकळीक मिळते, पण गाडी मऊ होत नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर मूळ बोल्टांनी कॅस्टर मापात येत असेल तर हा खर्च टाळा.

आणि मग शॉकअप

इथपर्यंत सगळं करून पाहिल्यावरही रंबलरवर थरथराट उरला, तर शॉकअपकडे वळायला हरकत नाही. शॉकअप आणि स्प्रिंग जोडीने निवडायचे असतात. जड स्प्रिंगला मूळ शॉकअप ठेवला तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डुलते, कारण स्प्रिंगचा जोर त्याला आवरत नाही. हलकी स्प्रिंग आणि फार कडक शॉकअप असेल तर उलटं होतं: एक खड्डा दबला, उघडायला वेळ मिळाला नाही, तोवर दुसरा आला, असं करत गाडी खाली खाली बसत जाते आणि कडक वाटते. ओळीने खड्डे असलेल्या रस्त्यावर वेग वाढवला की त्रास वाढतो, हे त्याचं लक्षण.

चार गॅस शॉकअपचा बरा संच ४५,००० ते ८०,००० रुपयांच्या पट्ट्यात येतो. बाहेरून कडकपणा बदलता येणारे, वेगळ्या तेलाच्या डबीचे शॉकअप दीड लाखाच्या पुढे जातात. ते चांगले असतात, पण रिकाम्या हौद्याच्या पिकअपवर जड पाटे तसेच ठेवून ते बसवले तर पैसे पाण्यात. ज्यांच्याकडे असे शॉकअप आधीच आहेत त्यांनी आधी सगळ्या चाव्या सगळ्यात मऊ टोकाला न्याव्यात आणि तिथून एकेक खाच वर यावं. बसवणारे बहुधा मध्यावर सोडून देतात.

हिशेब मांडला तर साधारण असा दिसतो. वजनकाटा, बुश, अलाइनमेंट, एक पाटा काढणं आणि नवे यू-बोल्ट, मिळून दहा हजारांच्या आसपास, आणि बहुतेक रिकाम्या पिकअपचा त्रास इथे बराच उतरतो. त्यात पुढच्या कॉइल बदलाव्या लागल्या तर चाळीस हजारांच्या घरात. चारी शॉकअपसकट सव्वा लाखापर्यंत. शेवटच्या पायरीवर पोचलात आणि तरीही समाधान नसेल, तर मूळ स्प्रिंग-शॉकअप परत बसवणं हाही मार्ग खुला असतो. मजुरी आठ-दहा हजार. म्हणूनच काढलेले मूळ पार्ट गॅरेजात सोडून येऊ नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पिवळ्या पाटीच्या पिकअपला योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्वेअरने किट बघून दावा अडवण्यापेक्षा आधी नकार मिळालेला बरा. उंची कमी ठेवण्यामागे हेही एक कारण धरा. हेडलाइटचा झोत खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व तुमच्या गाडीला असेल तर त्याची दांडी लिफ्टनुसार जुळवली आहे का ते विचारा. नाहीतर गाडी रिकामी समजून तो मागचा ब्रेक कमी देत राहतो.

बिल जीएसटीसकट पक्कं घ्या. वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुनं कोटेशन घेऊन बसलेल्या दुकानदाराला त्याची आठवण करून द्या. बिलावर प्रत्येक स्प्रिंगचा पार्ट नंबर आणि भाराचा दर्जा लिहून घ्या, चारी चाकांची मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची कामाआधी आणि कामानंतर जॉब कार्डवर नोंदवून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून देण्याचं त्याच कागदावर, तारखेनिशी, सहीनिशी लिहून घ्या.